तिजोरीखालची जमीन

घरगुती तिजोरी बसवणे म्हणजे तीन कामे: ती आत आणणे, पाणसळीत उभी करणे आणि जमिनीला जखडणे. पहिले काम सगळ्यांना दिसते, म्हणून त्याचे पैसे ठरतात. दुसरे दार उघडताना जाणवते. तिसरे कोणालाच दिसत नाही, आणि बारामती-इंदापूर भागातल्या घरांत राहून जाते ते बहुधा तेच. ‘चारशे किलोचा धोंडा कोण उचलून नेणार?’ असे त्यावर ठरलेले उत्तर मिळते.

उचलून कोणी नेत नाही, पहारीने नेतात. पाच फुटी पहारीचे टोक तिजोरीच्या तळाखाली घालून टोकापासून दहा सेंटिमीटरवर टेकू दिला, तर पलीकडे १४० सेंटिमीटर दांडी उरते आणि जोर चौदापट होतो. एक बाजू उचलायला निम्मे वजन, म्हणजे दोनशे किलो पेलावे लागते. पहारीच्या दुसऱ्या टोकावर त्यासाठी पंधरा किलोही लागत नाहीत. भरलेल्या घागरीएवढा तो भार. फटीत पाइपाचे तुकडे सरकवले की तिजोरीचा गाडा होतो. चार माणसे ज्या रीतीने ती दिवसा आत आणतात, त्याच रीतीने दुसरी चार माणसे ती रात्री बाहेर काढू शकतात. घरात तिजोरी फोडताना आवाज होतो आणि वेळ पुरत नाही; उसाच्या फडाआड नेलेल्या तिजोरीला वेळच वेळ असतो. म्हणूनच तिजोऱ्यांच्या युरोपीय मानकात हजार किलोंहून हलक्या तिजोरीला जखडण्यासाठी भोक असलेच पाहिजे, अशी अट आहे. अमेरिकेतल्या चोरीरोधक तिजोऱ्यांच्या चाचणीत ही रेषा ७५० पौंडांवर, म्हणजे साधारण ३४० किलोंवर आखली आहे. घरात येणाऱ्या बहुतेक तिजोऱ्या हजार किलोंच्या आतच असतात.

जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. धान्य बळदात किंवा पेवात, दागिने भिंतीच्या कोनाड्यात, मोहरा चुलीमागच्या मातीत. ठेवा घराचाच भाग असे. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. गढीच्या मातीच्या रुंद भिंती बघितल्या की तिथे तिजोरीची गरज का पडत नसे, हे कळते. फिरती, विकत मिळणारी, लोखंडी तिजोरी आली ती नंतर. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ पासून तिजोऱ्या बनवायला सुरुवात केली. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटानंतर आगीतून निघालेल्या तिजोऱ्यांतली कागदपत्रे शाबूत सापडली, ही हकिकत पुढे त्या नावाची मोठी जाहिरात ठरली. ‘गोदरेज’ हा शब्द मराठीत कुठल्याही पत्र्याच्या कपाटालाही चिकटला. पत्र्याच्या कपाटातला लॉकर मात्र तिजोरी नव्हे. ते कपाट दोन माणसे हाताने हलवतात. इथे विषय आहे तो जाड पोलादी भिंतींच्या, दारातच शंभर किलो वजन असलेल्या तिजोरीचा.

ती आत आणणाऱ्या माणसांची जात या दोन तालुक्यांत वेगळी आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथे साखर कारखाने आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात वसवलेल्या वालचंदनगरला तर साखर कारखान्यांची यंत्रेच घडत आली. कारखान्यात अवजड यंत्र हलवणाऱ्याला खलाशी म्हणतात. समुद्र कधी न पाहिलेले खलाशी. चेनपुल्ली, पहार, लाकडी ठोकळे आणि ‘हळू, थांब, दाब’ या तीन शब्दांवर त्यांचे काम चालते. उसाच्या चरकाचे बेड पाणसळीत आणलेल्या फिटरला तिजोरी म्हणजे किरकोळ काम. चूक झाली तर ती या ‘किरकोळ’मुळेच होते. कारखान्यात यंत्राचा पाया आधी नकाशावर असतो, मग जमिनीत. घरात मात्र जमीन आधीच तयार असते आणि तिच्या पोटात काय आहे ते बांधणाऱ्या मिस्त्रीखेरीज कोणाला ठाऊक नसते.

वाहतुकीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दार कुलूपबंद ठेवून, पाठीवर कलंडवून, उंबरठ्यावर लाकडी फळी टाकून तिजोरी आत येते. किल्ल्या मालकाच्या खिशात ठेवायच्या. दोन्ही किल्ल्या आत ठेवून दार लावल्याच्या गोष्टी प्रत्येक फिटरजवळ असतात आणि त्या सांगताना प्रत्येक जण ‘दुसऱ्या कोणाच्या तरी हातून झालं’ असेच सांगतो.

जागा ठरवताना वास्तुशास्त्र आधी बोलते. तिजोरी दक्षिणेच्या भिंतीला टेकवून दार उत्तरेकडे उघडावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला विरोध करण्यात फिटरने वेळ घालवू नये. दक्षिणेची भिंत बारा-पंधरा फूट लांब असते आणि वाद असतो तो तिच्यावरच्या दोन फुटांचा. त्या दोन फुटांत फरशीखालून संडास-बाथरूमची पाण्याची नळी जात नाही ना, विजेची नळी कुठून वळली आहे, जुन्या घरात खोलीखाली पाण्याची टाकी तर नाही ना, एवढे विचारून घ्यावे. पुरुष मंडळी ‘नसंल’ म्हणतात. घर बांधताना रोज पाणी मारायला उभी असलेली बाई नेमके सांगते.

वरच्या मजल्यावर तिजोरी नेण्याचा हट्ट झाला तर हिशेब कागदावर करून दाखवावा. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला दोनशे किलो चलभार धरून आखलेला असतो. दोन फूट बाय दोन फूट तळाच्या, भरून पाचशे किलो झालेल्या तिजोरीखाली हा आकडा तेराशेच्या वर जातो. तुळईलगत, भिंतीच्या कोपऱ्यात ती सहसा पेलली जाते. खोलीच्या मध्यावर ठेवू नये, आणि कुठेही ठेवण्याआधी इंजिनियरला विचारावे. शिवाय साडेचार-पाच इंची स्लॅबमध्ये खोल बोल्ट मारायचा तर एक तर सळई आडवी येते, नाही तर खालच्या खोलीचे प्लॅस्टर सुटून पडते. तळमजला बरा.

खरा प्रश्न सुरू होतो तो तळमजल्यावरच. ‘काँक्रीटवर बसवायची आहे’ असे मालक सांगतो, पण काँक्रीट दिसत कोणालाच नसते. दिसते ती व्हिट्रिफाइड टाइल, आठ-दहा मिलिमीटर जाडीची. तिच्याखाली दीड-दोन इंच सिमेंट-वाळूचा थर, त्याखाली साधारण चार इंच कोबा, तोही बहुधा एकास चार-आठ अशा रोडावलेल्या मिश्रणाचा. मग दगडाची सोलिंग, मग मुरमाचा भराव आणि सगळ्यात खाली काळी माती. जुन्या घरांत टाइलच्या जागी शहाबादी फरशी असते; ती जाड असली तरी जखडण्याच्या कामी टाइलइतकीच निरुपयोगी. बाजारातला शंभर मिलिमीटरचा फास्टनर यात ठोकला तर निम्मी लांबी टाइल आणि वाळू-सिमेंटातच संपते. खालच्या कच्च्या कोब्यात जेमतेम चाळीस मिलिमीटर उतरतात. बारा मिलिमीटर जाडीच्या फास्टनरला पकड धरायला काँक्रीटमध्येच सत्तर मिलिमीटरच्या आसपास खोली लागते, आणि त्या काँक्रीटची स्वतःची जाडी त्याच्या जवळजवळ दुप्पट हवी.

म्हणून आधी जमिनीची तपासणी. हातोडीच्या लाकडी दांड्याने टाइल वाजवून बघायची. भरीव टाइल टणक बोलते, पोकळ टाइल भद्द. मग तिजोरीखाली झाकल्या जाईल अशा जागी सहा मिलिमीटरचे एक चाचणीचे भोक पाडायचे आणि ड्रिलकडे न बघता बाहेर येणाऱ्या भुकटीकडे बघायचे. आधी पांढरी, टाइलची. मग करडी आणि वाळूची. मग पुन्हा करडी पण बारीक, आणि मध्येच ड्रिल अडून काळसर पूड येते, ती खडी. या भागातली खडी बेसाल्टची, आणि बेसाल्टचा एक तुकडा नव्या बिटाची धार घालवायला पुरतो. खडी वारंवार लागत असेल तर आनंद मानावा, कोबा दमदार आहे. ड्रिल एकदम सुसाट आत गेले आणि तांबूस-पिवळी भुकटी आली की समजावे, मुरूम लागला, काँक्रीट संपले. बिटावर चिकटपट्टीची खूण केलेली असली तर प्रत्येक थराची जाडी तिथेच मोजता येते. दहा मिनिटांच्या या भोकाने जे कळते, ते तिजोरीच्या माहितीपत्रकात कुठेच छापलेले नसते.

हे भोक टाळले की काय होते, त्याचा एक नमुना पुरेसा आहे. नीरेच्या काठच्या एका घरात चार फास्टनर ठोकले गेले, तीन आवळले गेले, चौथा पान्याबरोबर नुसता फिरत राहिला. फिटरने आणखी जोर लावला, तेव्हा फास्टनर फुगण्याऐवजी भोवतालचा कोबाच भुसभुशीत होऊन सुटला. मालक समोर उभा होता. फिटरने बोल्टाची मान कापली, वर टोपी बसवली आणि चारही बोल्ट सारखे दिसू लागले. अशी तिजोरी तीन पायांवर जखडलेली असते असेही म्हणता येत नाही. उरलेले तीन त्याच कोब्यात असतात.

कोबा कच्चा निघाला तर उपाय एकच, आणि तो ऐकताच घरातले चेहरे उतरतात: टाइल कापून खड्डा. साधारण अडीच फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे पाऊण मीटर बाय पाऊण मीटर बाय तीस सेंटिमीटर. कटरने टाइलची कड सरळ कापून घेतली तर शेजारच्या टाइलांना धक्का लागत नाही. खड्डा कोब्याच्या खाली चारही बाजूंनी थोडा आत कोरावा, म्हणजे ओतलेला ठोकळा वर अरुंद आणि खाली रुंद होतो. मग तो उपटायचा तर भोवतालचा कोबाही उपटावा लागतो. तळाला मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, आठ मिलिमीटर सळईची जाळी ठेवायची आणि एकास दीड-तीनचे काँक्रीट भरायचे. दीड गोणीच्या आतबाहेर सिमेंट लागते. तयार ठोकळ्याचे वजन चारशे किलोंच्या घरात जाते, जवळजवळ तिजोरीएवढेच. टोकाला वाकवलेले चार फाउंडेशन बोल्ट ओतकामातच उभे करायचे असतील तर तिजोरीच्या तळाच्या भोकांचा पुठ्ठ्याचा साचा आधी काढून प्लायवर पक्का करावा. दोन सूत चुकले तरी तिजोरी बोल्टांवर उतरत नाही आणि मग चारशे किलो हवेत धरून माणसे एकमेकांकडे बघत राहतात. हा धोका नको असेल तर ठोकळा कोरा ओतून, पिकल्यावर त्यात भोके पाडणे सोपे. पोते टाकून सात दिवस पाणी मारल्यावर ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपास येते, पूर्ण ताकदीला अठ्ठावीस दिवस धरतात. तिजोरी सातव्या दिवशी ठेवावी, बोल्ट शेवटचे आवळायला महिना जाऊ द्यावा. पाडव्याला मुहूर्त असेल तर खड्डा शिमग्याच्या आधी खणावा, इतके साधे गणित आहे. पण निरोप येतो तो मुहूर्ताच्या आदल्या दिवशी.

काळ्या मातीची भानगड वेगळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भराव मुरमाचा आणि पुरेसा जाड असेल तर ही हालचाल फरशीपर्यंत येत नाही. काटकसर करून काळ्या मातीवरच सोलिंग रचली असेल तर येते. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागल्यापासून त्याच्या लाभक्षेत्रात चोपण आणि पाणथळ जमिनी तयार झाल्या. अशा जमिनीवरच्या घरात ओल भिंतीत चढते आणि खारवट पांढरी पूड वर सोडते. तिथे साधा पिवळसर जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट पुरत नाही, स्टेनलेसचा घ्यावा. चार बोल्टांमागे वाढणारा खर्च तिजोरीच्या किमतीपुढे नगण्य असतो.

जमीन तयार झाली की पाणसळ. फरशी सपाट दिसते पण सपाट नसते. धुतल्यावर पाणी दाराकडे जावे म्हणून मिस्त्रीने मुद्दाम ढाळ दिलेला असतो. दोन फुटांत दोन सूत ढाळ असला तर चार फूट उंच तिजोरीचा माथा अर्धा इंच पुढे झुकतो. डोळ्याला ते कळत नाही, दाराला कळते. शंभर किलोचे दार आपोआप उघडत जाते किंवा हात सोडताच मिटू लागते, बिजागरी एका अंगाला घासते, खिट्ट्या चौकटीच्या भोकांत सरळ न जाता कडेला टेकतात आणि दांडा वळवायला दरवेळी थोडा अधिक जोर लागतो. लोक कुलपाला तेल घालत बसतात. कुलपाचा दोष फारच क्वचित असतो.

दार उघडल्यावर तोलही बदलतो. दार शंभर किलो, बाकी धड तीनशे, खोली दोन फूट असे धरले तर दार मिटलेले असताना वजनाचा मध्य समोरच्या कडेपासून पाऊण फूटभर आत असतो. काटकोनात उघडताच तो पुढे सरकून साधारण अर्ध्या फुटावर येतो. रिकामी, न जखडलेली, पुढे झुकलेली तिजोरी आणि उघड्या दाराला लोंबकळणारे पोर, एवढे एकत्र आले की हा उरलेला अर्धा फूट फार नव्हे.

पाणसळ लावायची ती तळावर, आडवी आणि उभी, आणि मग दार उघडून चौकटीच्या उभ्या कडेला ओळंबा. माथ्यावर लावू नये. वरचा पत्रा रंगाने किंवा वेल्डिंगने किंचित वाकडा असू शकतो. चार पायांची तिजोरी प्रत्यक्षात बऱ्याचदा दोनच कर्णातल्या पायांवर उभी असते आणि हाताने दाबली की डुलते. शंभर-शंभर किलोंऐवजी दोन पायांवर दोनशे-दोनशे येतात. दोन इंची चौकोनी पायाखाली हा दाब चौरस सेंटिमीटरला आठ किलोंच्या जवळ जातो आणि टाइल पोकळ असेल तर ती रात्रीतून तडकते. म्हणून पाय थेट टाइलवर न ठेवता सहा मिलिमीटरची पोलादी पट्टी खाली घालणे बरे. पॅकिंग पत्र्याचे द्यावे: एक, दोन, तीन मिलिमीटरचे कापलेले चौकोन. लाकडी पाचर दबते, पुठ्ठा ओलीने बसतो, टाइलचा तुकडा फुटतो. तरीही घरोघरी तिजोरीच्या पायाखाली सापडतात ते हेच तीन. काही फिटर तिजोरीला केसभर मागे झुकाव देतात, म्हणजे दार आपण होऊन उघडत नाही. कंपन्या तसे सांगत नाहीत आणि ते बरोबरही नाही. बिजागरीवर दाराचे वजन वर्षानुवर्षे तिरपेच पडत राहते.

आता जखडणे. तिजोरी पाणसळीत उभी असताना, तिच्याच तळाच्या भोकांतून ड्रिल मारायचे. आतले कप्पे काढावे लागतात, लांब बिट घ्यावे लागते आणि फिटरला डोके तिजोरीत घालून काम करावे लागते. बारामतीच्या मे महिन्यात हे काम सकाळी सातला उरकावे. कंपनीने ठेवलेल्या भोकांखेरीज नवे भोक पाडू नये, कारण भिंतींच्या पोकळीत आगरोधक भरण असते. टाइल असेल तिथे आधी हातोडीची चाल बंद ठेवून टाइलच्या बिटाने वाट करावी, काँक्रीट लागले की मग हातोडी चालू. भोकातली भुकटी फुंकणीने आणि ब्रशाने पूर्ण काढावी. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. भुकटीत बसलेला फास्टनर आवळताना घट्ट वाटतो आणि आठवड्याने सैल पडतो.

बाजारात ज्याला रावळ बोल्ट म्हणतात तो कवचाचा प्रकार, इंग्लंडच्या जॉन रॉलिंग्ज यांच्या रॉलप्लग कंपनीच्या नावावरून आलेला. बारा मिलिमीटर बोल्टाला वीस मिलिमीटरचे भोक मागतो. पाचरीच्या फास्टनरला बोल्टाएवढेच भोक पुरते. दोन्ही फुगून पकड धरतात, म्हणून काँक्रीटच्या कडेजवळ चालत नाहीत; बोल्टाच्या जाडीच्या दहापट अंतर राखावे. तिजोरी भिंतीला अगदी चिकटवली की मागचे दोन बोल्ट नेमके कोबा आणि जोत्याच्या सांध्यात पडतात. कडेजवळ किंवा जरा मऊ काँक्रीटमध्ये रासायनिक अँकर श्रेष्ठ: भोकात राळ भरायची, दांडा फिरवत घालायचा आणि हात लावायचा नाही. उन्हाळ्यात राळ काही मिनिटांतच धरते, थंडीत बराच वेळ घेते. नळीवरचा तक्ता वाचावा.

आवळण्यात एक बारकावा आहे. पॅकिंग फक्त पायांखाली असेल आणि बोल्ट मध्ये असेल, तर नट आवळताना तिजोरीचा तळच खाली ओढला जातो आणि तासभर खपून साधलेली पाणसळ बिघडते. प्रत्येक बोल्टाशेजारीही पॅकिंग असले पाहिजे. खाली जाड, रुंद वॉशर घालावा, समोरासमोरचे नट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर दार उघडून-मिटून बघावे. किती आवळायचे ते फास्टनरच्या डब्यावर छापलेले असते. टॉर्क पाना कारखान्यातल्या फिटरजवळ असतो. गावातल्या फिटरजवळ नसला तरी तो दोन दिवस मागून आणता येतो. शेवटी तळाच्या चारी कडांना सिमेंटची पातळ पट्टी मारतात, म्हणजे फरशी पुसतानाचे पाणी आत जात नाही.

हळद-कुंकू लागते, नारळ फुटतो. तो उंबरठ्यावर, नव्या टाइलवर नव्हे. फिटर महिन्याने एकदा नट बघून जातो. पुढची फेरी पहिला पावसाळा सरल्यावर, तिसरी भर उन्हाळ्यात, काळी माती सर्वांत जास्त आकसलेली असताना. दार काटकोनात उघडून सोडून द्यायचे. ते जिथे सोडले तिथेच थांबले, तर पॅकिंगला हात लावायचे कारण नाही.